गुंठे, आणे आणि हिरवी खूण: ओपन सोर्स प्रकल्पाच्या युनिट टेस्ट सीआयवर कशा चालवायच्या

शिनोळी ओलांडली की जमिनीचं माप बदलतं. बेळगावकडच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे, आणे असं येतं; चंदगडकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता, त्यामुळे एकाच भावकीची जमीन दोन्हीकडे असलेली घरं आमच्या भागात आजही पुष्कळ आहेत. वाटणीची बोलणी निघाली की कुणीतरी वहीत आकडेमोड करत बसतं. ते काम सोपं व्हावं म्हणून आम्ही चौघांनी पायथनमध्ये एक छोटी लायब्ररी लिहिली आणि कोड गिटहबवर खुला ठेवला. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची कॉलेजची मुलं त्यात भर घालू लागली.

पहिल्याच पावसाळ्यात एक बदल असा आला की बेरजेत ४० गुंठे झाले तरी एकर वाढेना. २ एकर यायला हवे तिथे १ एकर ४० गुंठे छापून येई. बदल करणाऱ्या मुलाचं म्हणणं, "माझ्याकडं चालतंय की!" आणि ते खरंच होतं. त्याने तपासलेल्या तिन्ही उदाहरणांत हातचा येतच नव्हता. युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक छोटा तुकडा बरोबर उत्तर देतो का हे तपासणारा कोड, लिहिलेल्या होत्या, पण चालवायच्या की नाही हे ज्याच्या त्याच्या आठवणीवर सोडलेलं. नऊ दिवस तो कोड मुख्य ब्रँचवर, म्हणजे सगळे वापरतात त्या प्रतीवर, राहिला. शेवटी एका वापरणाऱ्यानेच फोन करून चूक सांगितली.

सीआय, म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन, हे आठवणीचं ओझं काढून घेतं. कुणीही बदल पाठवला की दूरच्या एका कोऱ्या मशीनवर कोड उतरवला जातो, टेस्ट चालतात आणि पुल रिक्वेस्टवर, म्हणजे 'माझा बदल घ्या' या विनंतीवर, हिरवी किंवा लाल खूण उमटते. गिटहब ॲक्शन्स ही सोय २०१९ पासून सर्वांना खुली आहे आणि सार्वजनिक रेपोसाठी (रेपो म्हणजे प्रकल्पाचा कोड ठेवायची जागा) साधे रनर, म्हणजे टेस्ट चालवणारी ती मशीनं, फुकट आहेत. उभं करायला एक संध्याकाळ पुरते. खरा वेळ जातो तो हिरव्या खुणेवर विश्वास ठेवता येईल अशी व्यवस्था करण्यात, म्हणून या लेखातही त्याच भागाला जास्त जागा दिली आहे.

आधी टेस्ट, मग सीआय

सीआय तुमच्याच टेस्ट चालवतं. त्या पोकळ असतील तर खूणही पोकळ. म्हणून सुरुवात टेस्टपासून.

आमचा हिशेब असा: १ गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा, म्हणजे एकरात ६४० आणे. आंतरराष्ट्रीय एकर ४०४६.८५६४२२४ चौरस मीटरचा, त्यावरून गुंठा १०१.१७१४१०५६ चौरस मीटर आणि आणा ६.३२३२१३१६ चौरस मीटर. उताऱ्यावर २ एकर १५ गुंठे ८ आणे असेल तर एकूण १५२८ आणे, म्हणजे ९६६१.८७ चौरस मीटर, सातबाऱ्याच्या भाषेत ९६.६२ आर.

हे उदाहरण मी कागदावर सोडवलं आणि मग टेस्टमध्ये घातलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. कोड चालवून जे उत्तर येईल तेच टेस्टमध्ये चिकटवलं तर कोडमधली चूक टेस्टमध्येही पक्की होते आणि पुढे कुणी ती दुरुस्त करायला गेलं तर टेस्ट त्यालाच अडवते.

एक सरळ उदाहरण झालं की पुढच्या टेस्ट जिथे चूक होते तिथल्या लिहा. आमच्याकडे या निघाल्या: ३९ गुंठे १५ आणे यात १ आणा मिळवला तर बरोबर १ एकर आला पाहिजे, मागे गुंठेही नकोत, आणेही नकोत. उताऱ्यातून १ एकर ४० गुंठे असं काही वाचलं गेलं तर त्याचे गुपचूप २ एकर करू नयेत, चूक म्हणून नाकारावं. खरा उतारा असं कधी लिहीत नाही, म्हणजे वाचतानाच काहीतरी बिघडलंय. पायथनचा साधा राउंड २.५ चे २ करतो, कारण तो मधल्या आकड्याला जवळच्या सम संख्येकडे नेतो. आपल्याला शाळेतल्यासारखे ३ हवे असतील तर डेसिमल मॉड्यूल वापरून 'अर्ध्याला वर' हा नियम स्पष्ट सांगावा लागतो. शक्य तिथे अपूर्णांक टाळाच. आम्ही आतला सगळा हिशेब पूर्ण आण्यांत ठेवतो आणि चौरस मीटर अगदी शेवटी काढतो.

आकड्यांच्या लिपीचंही तसंच. सीमाभागातला कागद कन्नड अंकांत येतो, टाइप करणारा मराठी अंक टाकतो, फोनवर इंग्रजी. मजकुरातून पूर्णांक काढणारा पायथनचा इंट तिन्ही बिनतक्रार वाचतो. पण आमच्या वेबपानावर जावास्क्रिप्ट आहे आणि तिथे मराठी किंवा कन्नड अंक नंबरमध्ये दिले की 'संख्या नाही' असं उत्तर येतं. दोन्हीकडे तेच नमुने तपासणारी टेस्ट असल्यामुळे हे पहिल्याच दिवशी कळलं.

आता नावांचं. कऱ्हाडकर हे आडनाव संगणकात तीन तऱ्हांनी येऊ शकतं: ऱ हे एकच अक्षर आणि त्याला हलन्त; साधा र, खाली नुक्ता आणि मग हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना तिन्ही सारखी, पण तुलना केली की कोड 'वेगळी' म्हणतो. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या तऱ्हांना एक रूप देणं) पहिल्या दोन तऱ्हा एक करतं, तिसरीला हातही लावत नाही. ती आपल्याला स्वतः सांभाळावी लागते. अशा टेस्टमध्ये नाव टाइप करू नका, युनिकोड क्रमांकाने लिहा. नाहीतर एखादा एडिटर साठवतानाच तिन्ही एक करून टाकतो आणि टेस्ट काहीच तपासत नाही. गावांच्या नावांचीही अशीच एक यादी आमच्याकडे आहे. बेळगाव, अनुस्वाराचं बेळगांव आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर असलेलं बेळगावी, तिन्ही एकाच ठिकाणी पोचली पाहिजेत.

एकच कमांड

सीआयला हात लावण्याआधी हे करून बघा. रेपो नव्या फोल्डरात क्लोन करा (त्याची प्रत उतरवा), नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या प्रकल्पापुरतं वेगळं पायथन, बनवा, टेस्टला लागणाऱ्या लायब्रऱ्यांसकट प्रकल्प इन्स्टॉल करा आणि पायटेस्ट हा टेस्ट चालवणारा प्रोग्राम चालवा. कुठेही "अरे, ते अमुक पॅकेज वेगळं टाकावं लागतं" असं म्हणायची वेळ आली, तर ते पॅकेज प्रकल्पाच्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये लिहा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. सीआयचा रनर म्हणजे दर वेळी असंच कोरं मशीन. जी कमांड रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) आहे तीच सीआयमध्ये असावी. दोन वेगळ्या असल्या की हळूहळू त्यांचे निकालही वेगळे येऊ लागतात.

युनिट टेस्टने इंटरनेटला हात लावू नये. सुरुवातीला आमच्या दोन टेस्ट भूमी या कर्नाटकच्या जमीन-नोंदींच्या साइटवरून खरा उतारा ओढून आणायच्या. साइट मंदावली की लाल. त्यात जांबोटीकडच्या मुलाकडे पावसाळ्यात नेट चार-चार तास गायब, त्याला टेस्ट चालवताच येईना. आता नमुन्याचे उतारे रेपोतच फाइल म्हणून ठेवलेत, नावं आणि सर्व्हे नंबर बदलून. दुसऱ्याच्या जमिनीचा कागद खुल्या रेपोत जसाच्या तसा टाकायचा नसतो, हेही मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

वर्कफ्लोची फाइल

वर्कफ्लो म्हणजे सीआयने काय काय करायचं याची यादी. रेपोच्या मुळाशी डॉट-गिटहब नावाचा फोल्डर, त्यात वर्कफ्लोज, त्यात यामल प्रकारची (सेटिंग्ज लिहायची साधी मजकुराची) एक फाइल. यामलमध्ये आत सरकवण्यासाठी टॅब चालत नाही, स्पेसच लागतात. पहिल्या दिवशीचे निम्मे अडथळे इथलेच.

फाइलमध्ये वरून खाली हे येतं. 'ऑन'खाली कधी चालवायचं ते: मुख्य ब्रँचवर पुश झाल्यावर आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टवर. मग 'परमिशन्स', त्यात कंटेंट्सना फक्त वाचण्याची परवानगी; टेस्टला यापेक्षा जास्त काही लागत नाही. मग 'जॉब्ज', त्यात एक जॉब, त्याला 'रन्स-ऑन' म्हणून उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार). 'टाइमआउट-मिनिट्स' १० ठेवा. न लिहिल्यास गिटहब ३६० मिनिटं वाट बघतं आणि कुठेतरी अडकलेली एक टेस्ट सहा तास रनर धरून बसते. मग 'स्टेप्स' (ॲक्शन म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली पायरी): कोड उतरवणारी चेकआउट ॲक्शन, पायथन बसवणारी सेटअप-पायथन ॲक्शन, इन्स्टॉल आणि शेवटी पायटेस्ट. सेटअप-पायथनला पिपचा (लायब्रऱ्या उतरवणाऱ्या प्रोग्रामचा) कॅश ठेवायला सांगितलं तर लायब्रऱ्या दर वेळी नव्याने उतरत नाहीत.

पायथनची आवृत्ती अवतरणचिन्हात लिहा. ३.१० हे उघडं लिहिलं तर यामल त्याला अपूर्णांक समजतो, शेवटचं शून्य गळतं आणि ३.१ शोधायला जातो.

एवढं चाललं की मॅट्रिक्स जोडा, म्हणजे त्याच टेस्ट अनेक आवृत्त्यांवर आणि मशीनवर चालवा. प्रत्येक आवृत्ती घ्यायची गरज नाही. तुम्ही ज्या सर्वात जुन्या पायथनला आधार देता ती, सर्वात नवी, आणि एक विंडोज. विंडोज सोडू नका, आमच्याकडच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तेच असतं. पायथनमध्ये एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली तर विंडोज जुनं कोडपेज वापरतं आणि मराठी मजकुराची वाताहत होते. लिनक्सवर तीच टेस्ट हिरवी. प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ लिहिणं हा त्यावरचा उपाय, आणि तो कुठे राहून गेलाय हे विंडोजचा रनरच दाखवतो. 'फेल-फास्ट' बंद करा. नाहीतर एक जॉब पडला की बाकीचे रद्द होतात आणि चूक फक्त विंडोजवर आहे की सगळीकडे, हे कळतच नाही.

आता मुद्दाम मोडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते हीच सर्वात महत्त्वाची.

हिरवी खूण मिळाली म्हणून थांबू नका. एक ब्रँच काढा, कोडमध्ये ४० च्या जागी ४१ गुंठ्यांचा एकर करा आणि पुल रिक्वेस्ट पाठवा. लाल यायलाच हवं. आलं तर लॉग उघडा आणि नव्या माणसाच्या नजरेने वाचा: कुठली टेस्ट पडली, काय अपेक्षित होतं, काय आलं, हे दोन मिनिटांत कळतं का? आम्ही असर्टपुढे (टेस्टमधल्या प्रत्यक्ष तपासणीच्या ओळीपुढे) मराठीत संदेश लिहितो, "३९ गुंठे १५ आणे + १ आणा = १ एकर हवा". पहिल्यांदाच हातभार लावणाऱ्या मुलाला तेवढ्याने चूक सापडते, मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, विचारत बसावं लागत नाही.

लाल आलं नाही तर कारण शोधायला हवं. सीआयला तुमच्या टेस्टमधलं काही कळत नाही. कमांड संपताना जो एक्झिट कोड देते तेवढाच ते पाहतं. शून्य म्हणजे हिरवं, बाकी सगळं लाल. पायटेस्ट सगळं पास झालं तर ०, एखादी टेस्ट पडली तर १ आणि एकही टेस्ट सापडली नाही तर ५ देतं. हा कोड वाटेत कुठे हरवतो ते पाहा.

आमच्या बाबतीत तो पाइपमध्ये हरवला. लॉग फाइलमध्येही साठवावा म्हणून कुणीतरी पायटेस्टचं आउटपुट पाइपने (एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडून) टी कमांडकडे दिलं होतं. पाइप लावला की शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या कमांडचा कोड धरतं, आणि टी नेहमी यशस्वीच. तीन टेस्ट पडलेल्या, खूण हिरवी. गिटहबवर शेल न सांगितल्यास लिनक्सवर बॅश हा शेल पाइपफेलशिवाय, म्हणजे पाइपमधल्या आधीच्या कमांडचं अपयश न मोजता, चालतो. त्या स्टेपला शेल म्हणून 'बॅश' असं स्पष्ट लिहिलं की पाइपफेल चालू होतं. आम्ही पाइपच काढला, पायटेस्ट स्वतः अहवालाची फाइल लिहू शकतं.

दुसरी जागा, कमांडपुढे चिकटवलेलं 'नाहीतर ट्रू' किंवा स्टेपवरचं 'कंटिन्यू-ऑन-एरर'; दोन्ही अपयश झाकतात. घाईत कुणीतरी तात्पुरतं म्हणून टाकतं आणि ते तिथेच राहतं. रेपोत हे दोन्ही शोधा, आजच.

तिसरी जागा सापडायला अवघड. खानापूरच्या एका विद्यार्थिनीने अकरा सुंदर टेस्ट लिहिल्या, फाइलचं नाव 'चाचणी'पासून सुरू केलं. पायटेस्ट फाइलच्या नावात सुरुवातीला 'टेस्ट' आणि अंडरस्कोर, किंवा शेवटी अंडरस्कोर आणि 'टेस्ट' शोधतं. बाकीच्या टेस्ट होत्याच, त्यामुळे कोड ५ आला नाही, सगळं हिरवं. तिच्या अकरा टेस्ट तीन आठवडे एकदाही चालल्या नव्हत्या. तेव्हापासून टेस्ट वाढवणारी पुल रिक्वेस्ट तपासताना मी लॉगच्या शेवटच्या ओळीतला आकडा बघतो. आधी ८४ असेल तर आता ९५ दिसायला हवेत.

मर्जचं दार

लाल असताना मर्ज होऊ नये, म्हणजे बदल मुख्य ब्रँचमध्ये मिसळला जाऊ नये, यासाठी रेपोच्या सेटिंग्जमध्ये मुख्य ब्रँचला संरक्षण लावा आणि टेस्टचा जॉब आवश्यक तपासणी म्हणून निवडा. इथे मॅट्रिक्सची एक अडचण येते. तपासणीचं नाव आवृत्तीसकट बनतं. पुढच्या वर्षी जुनी पायथन काढली की ती तपासणी कधीच येत नाही आणि प्रत्येक पुल रिक्वेस्ट वाट बघत राहते. म्हणून शेवटी एक छोटा जॉब ठेवा, जो बाकी सगळ्यांवर अवलंबून असेल, आणि आवश्यक म्हणून फक्त तोच निवडा. त्याला 'ऑलवेज' ही अट हवीच आणि आत बाकीच्यांचे निकाल तपासायला हवेत. अट नसेल तर आधीचा जॉब पडल्यावर हा वगळला जातो, आणि गिटहब वगळलेल्या जॉबला यशस्वी धरतं. लाल असूनही दार उघडं राहतं. याच्या उलट, ठरावीक फाइली बदलल्यावरच पूर्ण वर्कफ्लो चालावा असा पाथ-फिल्टर लावला, तर रीडमीतली एक चूक सुधारणारी पुल रिक्वेस्ट कायम प्रलंबित राहते. टेस्ट मिनिटभरात संपत असतील तर फिल्टर लावूच नका.

रात्री पडणाऱ्या टेस्ट

आमच्या लायब्ररीत 'आजची तारीख' छापणारं एक फंक्शन होतं. दिवसा टेस्ट हिरवी, पण मध्यरात्रीनंतर काम करणाऱ्या एका मुलाची दर वेळी लाल. रनरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री १२ ते पहाटे ५:३० पर्यंत तिथे अजून कालची तारीख असते. उपाय म्हणजे फंक्शनला तारीख बाहेरून द्यायची, टेस्टमध्ये ठरलेली तारीख घालायची. कधी पास, कधी नापास अशा टेस्टवर 'पुन्हा चालवा' दाबायची सवय मुलांना लागू देऊ नका. कारण सापडेपर्यंत ती टेस्ट वगळा, पण वगळल्याचं कारण लिहून आणि इश्यू (रेपोवरची तक्रारीची नोंद) उघडून.

अनोळखी माणसाचा कोड

खुल्या प्रकल्पात कुणीही फोर्क (स्वतःची वेगळी प्रत) करून पुल रिक्वेस्ट पाठवतो, म्हणजे त्याचा कोड तुमच्या रनरवर चालतो. साध्या 'पुल रिक्वेस्ट' घटनेत फोर्कमधून आलेल्या बदलाला तुमची गुपितं (रेपोत साठवलेले पासवर्ड, किल्ल्या) मिळत नाहीत आणि टोकन, म्हणजे वर्कफ्लोला रेपोत मिळणारा परवाना, फक्त वाचण्यापुरतं असतं. हे बरोबर आहे, असंच राहू द्या. त्याऐवजी 'पुल रिक्वेस्ट टार्गेट' वापरून फोर्कचा कोड उतरवून चालवण्याचा सल्ला कुठे दिसला तर ऐकू नका. तिथे गुपितं उघडी पडतात. नव्या माणसाच्या पहिल्या बदलाला मेंटेनरची मंजुरी लागते. ती देण्याआधी वर्कफ्लोच्या फाइलमध्ये आणि इन्स्टॉलच्या फाइलींमध्ये काही बदललंय का ते पाहा, आणि पाहिल्यावर मंजुरी लवकर द्या. सेमिस्टरच्या अभ्यासातून वेळ काढून पहिला बदल पाठवणाऱ्या मुलीला चार दिवस नुसतं 'वाट पाहा' दिसलं तर ती परत येत नाही.

दुसऱ्यांच्या ॲक्शन्स वापरताना आवृत्तीच्या टॅगऐवजी (नावाच्या चिठ्ठीऐवजी) कमिटचा पूर्ण हॅश, म्हणजे त्या नेमक्या बदलाचा न बदलणारा क्रमांक, लिहा. टॅग मागाहून हलवता येतो. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या 'चेंज्ड-फाइल्स' या पुष्कळांनी वापरलेल्या ॲक्शनचे टॅग घातक कोडकडे वळवले गेले आणि अनेक रेपोंच्या लॉगमध्ये गुपितं छापली गेली. हॅश लिहिलेल्यांच्या रेपोत जुनाच कोड चालत राहिला.

कुणी बदल करत नसतानाही

लायब्ररी तीच राहते, पण ती ज्यांच्यावर उभी आहे ती पॅकेजं बदलतात. म्हणून आठवड्यातून एकदा वेळापत्रकाने टेस्ट चालवा. क्रॉनची, म्हणजे या वेळापत्रकाची, वेळ साधारणपणे यूटीसीत लिहितात: आपल्याकडे सोमवारी पहाटे २ वाजता हवं असेल तर रविवारी २०:३० लिहा. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब हे वेळापत्रक आपोआप बंद करतं. आमच्याकडे हे दर परीक्षेच्या हंगामात होतं, मुलं दोन महिने गायब असतात. मी फोनवर आठवण लावून ठेवली आहे: परीक्षा संपल्या की आधी ॲक्शन्सच्या पानावर जाऊन वेळापत्रक पुन्हा चालू करायचं, मगच सुट्टीतल्या पहिल्या पुल रिक्वेस्टला हात लावायचा.